खंड सत्तावीस उसवू देण्याबाबत

प्रति,
मा. ग्रंथपाल,
विद्यापीठ ग्रंथालय,
दुसरा मजला ('बैठकीत आहेत' अशी पाटी असलेली खोली)

विषय : जुन्या निकालपत्रांच्या मालिकेतील खंड सत्तावीस याची शिवण अर्जदाराच्या हाताने, आपल्या डोळ्यांदेखत आणि येत्या शुक्रवारी उसवू देण्याबाबत.

संदर्भ :
१) आपल्या तक्रारवहीतील माझी दि. ३ मार्चची नोंद, पान सहा. (आधीची पाच पाने पंख्याबद्दल आहेत.)
२) आपल्या कार्यालयाची दि. ९ मार्चची नोटीस. हिच्याकडे मी मुद्दा क्रमांक ७ मध्ये येतो. तोवर कृपया दम धरावा.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की,

१. मी व्यवसायाने बुकबाइंडर असून बाजाराच्या मागच्या गल्लीत, जिन्याखालच्या दुकानात, गेली एकतीस वर्षे पुस्तके बांधतो. माझे शिक्षण बेताचे आहे. मात्र खळ वाळेपर्यंत समोरचे पान वाचत बसायची खोड असल्यामुळे जगातल्या बहुतेक विषयांतले मला सोळा-सोळा पानांपुरते कळते. हृदयविकारावर मी पान तेहेतीस ते अठ्ठेचाळीस एवढ्या अधिकाराने बोलू शकतो. सदर अर्जाची भाषा जिथे कचेरीतली वाटेल तिथे ती 'कार्यालयीन पत्रव्यवहार' या विषयावरच्या एका पुस्तकातली आहे, आणि जिथे तशी वाटणार नाही तिथे माझी आहे. दोन्ही ठिकाणी आदर सारखाच समजावा.

२. मला एक धाकटी बहीण आहे. लग्न होऊन सव्वीस वर्षे झाली, तेव्हापासून ती सासरच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहते. मेहुणे चार वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर तिने त्याच खोल्यांत पाळणाघर सुरू केले. सध्या तिच्याकडे चौदा पोरे आहेत आणि त्यांतली निदान नऊ एका वेळी रडत असतात, म्हणजे धंदा चांगला चालला आहे. पुढच्या भागात तिचे दीर राहतात. त्यांनी मोठी मोटार घेतली आणि मग त्यांच्या लक्षात आले की मोटारीला घर नाही. त्यांचे न्यायालयातले म्हणणे एवढेच आहे की, "वहिनी, राहा म्हटलं होतं. कायमच्या राहा असं कुणी म्हटलं होतं? कागद दाखवा." कागद नाही. सासऱ्यांनी खोल्या दिल्या त्या तोंडी दिल्या, कारण त्या वेळी घरात लोक एकमेकांशी बोलत असत.

आमच्या वकीलबाईंना एका सारांशाच्या पुस्तकात चार ओळी सापडल्या. त्यांनुसार फार पूर्वी अशाच एका बाईच्या बाजूने, अशाच एका दिराच्या विरुद्ध, वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिलेला आहे. मालिकेचा खंड सत्तावीस, पान चारशे बारा. न्यायाधीश म्हणाले, सारांशावर भागणार नाही, संपूर्ण निकाल आणा. वकीलबाईंच्या संगणकावर ही जुनी मालिका नाही. शहरात ती फक्त आपल्याकडे आहे. पुढची तारीख सोमवार, दि. १६ मार्च. त्या दिवशी निकाल हातात नसेल तर खोल्यांच्या किल्ल्या द्याव्या लागतील, असे वकीलबाईंनी आम्हाला समोर बसवून, चहा न देता सांगितले.

माझी बहीण रडणाऱ्यातली नाही. तिने रिकामे पाळणे दोरीने एकत्र बांधून भिंतीला टेकवून ठेवायला सुरुवात केली आहे. मला ते रडण्यापेक्षा जास्त लागले, म्हणून मी दुकान बंद करून आपल्याकडे आलो.

३. दि. २३ फेब्रुवारी रोजी मला प्रवेशद्वारावर अडवण्यात आले. बाहेरच्या वाचकाला त्याच्या संस्थेच्या प्रमुखाचे शिफारसपत्र लागते, असा आपला नियम आहे. माझी संस्था जिन्याखाली आहे. तिचा प्रमुख मी, कारकून मी आणि झाडणाराही मीच. तरी नियम तो नियम, म्हणून मी घरी जाऊन स्वतःची शिफारस केली : 'सदर इसमास मी लहानपणापासून ओळखतो. वर्तन समाधानकारक असून सुधारणेस वाव आहे.' दुसऱ्या दिवशी हे पत्र शिक्का नसल्यामुळे परत आले. माझ्याकडे रबरी शिक्का नाही. पुस्तकांच्या पाठीवर सोनेरी नावे उठवायचे पितळी खिळे मात्र आहेत, ते तापवून मी पत्राच्या तळाशी सोनेरी अक्षरांत 'प्रमुख' असे उठवले. तिसऱ्या दिवशी दारावरचा माणूस उठून उभा राहिला. आपल्या ग्रंथालयात मला मिळालेला हा पहिला आणि आजवरचा शेवटचा मान आहे.

४. आत आपल्या संगणकाने खंड सत्तावीस 'उपलब्ध' असल्याचे सांगितले. मी आनंदाने, जागा कुठली, असे विचारले. ज्या बाई अजूनही जुन्या कार्डांचे खण सांभाळून आहेत आणि ज्यांना सगळे कार्डबाई म्हणतात, त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उपलब्ध म्हणजे आहे. कुठे आहे, हा वेगळा प्रश्न आहे. तो आम्ही संगणकाला विचारत नाही, उगाच अडचणीत येतो बिचारा."

त्यांनी मला कायदा विभागाच्या शिपायाकडे पाठवले. यांना वाचक शांतताराव म्हणतात, कारण ग्रंथालयात सगळ्यांत मोठा आवाज 'शांतता!' या त्यांच्या आरोळीचा असतो. शांततारावांनी मला कपाटांपाशी नेले आणि तिथे मला जे दिसले ते एकतीस वर्षांच्या अनुभवातही कधी दिसले नव्हते. आपल्या कायदा विभागातली अकरा हजार पुस्तके उंचीप्रमाणे लावलेली आहेत.

महोदय, आपण बैठकीत असल्यामुळे हे आपल्या कानावर आले नसेल, म्हणून सांगतो. मागच्या हिवाळ्यात तपासणी समिती यायची होती. तिच्या आधीच्या समितीने 'कपाटे ओबडधोबड दिसतात' असा शेरा मारला होता. म्हणून आपल्याच सहीने आदेश निघाला की ग्रंथांची मांडणी सुबक दिसेल अशी करावी. क्रमांकाने लावलेली पुस्तके सुबक दिसत नाहीत. क्रमांकाला लाज नसते, तो उंच पुस्तकाशेजारी बुटके उभे करतो. शांततारावांनी तीन आठवडे खपून सगळ्यांना शाळेच्या कवायतीसारखे उंचीने उभे केले. समिती खूश झाली. तिने पुस्तक एकही काढले नाही, त्यामुळे नाखूश व्हायचा प्रसंगही आला नाही. शांतताराव अजूनही ती भिंत बघून म्हणतात, "बघा, कसं बँडपथक वाटतंय." मला त्यांचा राग येत नाही. सांगितलेले काम त्यांनी नीट केले आणि हे मी स्वतःबद्दल म्हणू शकत नाही, हे पुढे दिसेलच.

कायद्याच्या विद्यार्थ्यांनी आता आपापल्या परीने मार्ग काढले आहेत. एक मुलगी मला म्हणाली की कराराचा कायदा तिला कोपराच्या पातळीवर सापडतो, वारसाहक्क गुडघ्याशी, आणि फौजदारीसाठी ती उंच मैत्रिणीला सोबत आणते. मैत्रीण आजारी असली की तिचा फौजदारीचा अभ्यास होत नाही.

५. मी दुकानातून फूटपट्टी आणली. मालिका चाळीस खंडांची आहे. पहिले सव्वीस खंड मला दुसऱ्याच दिवशी सापडले, कारण ते सगळे एका उंचीचे, एका कापडाचे, ओळीने उभे होते. काय सुरेख काम होते! पाठ गोल, कोपरे घट्ट, पुस्तक उघडले की टेबलावर सपाट पसरणारे. मी मनातल्या मनात त्या बाइंडरला नमस्कार केला. सत्ताविसाव्यापासून पुढचे चौदा खंड मात्र गायब. चार दिवस मी त्या उंचीच्या आगेमागे शोधले. शांतताराव दर अर्ध्या तासाने येऊन 'शांतता!' ओरडून जात, वास्तविक मी एकटाच होतो.

पाचव्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला. बाइंडर घाईत असला की कडा समान करताना कटिंग मशीनवर हात सैल सोडतो आणि पुस्तक बोटभर जास्त कापले जाते. तसे झाले असेल तर हे चौदा जण आपल्या भावंडांपेक्षा बुटके असणार आणि शांततारावांच्या कवायतीत त्यांची तुकडी बदलली असणार. मी खालच्या फळीसमोर फरशीवर मांडी घातली. दि. २ मार्च रोजी दुपारी सव्वातीन वाजता खंड सत्तावीस मला मोटार अपघात भरपाईची मार्गदर्शिका आणि कोंबड्या पाळण्यावरची एक पुस्तिका यांच्यामध्ये सापडला. कोंबड्या कायदा विभागात कशा आल्या, याची चौकशी आपण करावी किंवा न करावी. मी 'सापडला!' असे ओरडलो. शांतताराव धावत आले, पण त्या एका वेळी ते 'शांतता!' ओरडले नाहीत. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

६. आनंद चार मिनिटे टिकला. पुस्तक उघडेना.

इथे बाइंडिंगचे दोन शब्द सांगणे भाग आहे. पुस्तक शिवायची खरी रीत अशी की सोळा पानांची एकेक घडी घ्यायची आणि तिच्या मधोमध, घडीतून, सुई घालायची. वेळ लागतो, पण प्रत्येक अक्षर उघड्यावर राहते. दुसरी रीत चोरटी आहे. सगळा गठ्ठा शिकंज्यात आवळायचा, कडेने दाभणाने आरपार भोके पाडायची आणि पोत्यासारखा शिवून टाकायचा. वेळ वाचतो, पण आतला समास आणि त्याच्या शेजारचे चार-पाच शब्द शिवणीच्या पोटात जातात. खंड सत्तावीस असा शिवलेला आहे. त्याला दोन्ही हातांनी फाकवावे तर तो दात काढायला नेलेल्या माणसासारखा जेमतेम अर्धा उघडतो आणि सोडला की खाडकन मिटतो.

पान चारशे बारावरच्या प्रत्येक ओळीचे शेवटचे चार शब्द शिवणीत आहेत आणि चारशे तेरावरचे पहिले चार. आपल्या झेरॉक्सवाल्याने काच फुटेस्तोवर दाबून जी प्रत काढली तिच्यात मधोमध एक काळा पट्टा आला आणि निकाल असा वाचता आला : 'सदर स्त्री विवाहानंतर सासऱ्यांच्या संमतीने या खोल्यांत', पुढे काळे. 'दिराने लेखी कागदाच्या अभावाचा जो मुद्दा मांडला आहे तो', पुढे काळे. 'सबब या न्यायालयाचे स्पष्ट मत आहे की', आणि स्पष्ट मत शिवणीत. मी आरसा घातला, टॉर्च घातली, एकदा तर खेळायचा पत्ता घातला. वकीलबाई ती प्रत बघून म्हणाल्या, "अहो, या अर्ध्या ओळींवर उभी राहिले तर उरलेल्या अर्ध्या न्यायाधीश मलाच विचारतील. आणि समोरचे वकील म्हणतील, त्या काळ्यातच खरं काय ते आहे."

त्या दिवशी माझा तोल सुटला. धंद्यातल्या माणसाला दुसऱ्याच्या चुकीचा राग येतो तसा दुसऱ्या कुणाला येत नाही. दि. ३ मार्च रोजी मी आपल्या तक्रारवहीत पुढील नोंद केली, ती जशीच्या तशी देतो : 'खंड सत्तावीस ज्याने शिवला त्याला पुस्तक आणि पोते यांतला फरक कळत नाही. असल्या कसायाच्या हातात पुन्हा दाभण देऊ नये. त्यास शोधून काढावे, जाब विचारावा व काळ्या यादीत टाकावे.' खाली सही, पत्ता आणि, हात तापलेलाच होता म्हणून, दोन उद्गारचिन्हे.

७. महोदय, पंख्याबद्दलच्या पाच पानांवर आपल्या कार्यालयाने काहीही केलेले नाही. माझ्या एका नोंदीवर मात्र कारवाई सहा दिवसांत झाली. जे ग्रंथालय आपल्या घरातले पुस्तक दाखवू शकत नाही त्याने सव्वीस वर्षांपूर्वीचा बाइंडर शोधून काढला, याबद्दल मी आपले अभिनंदन करतो. हे काम कार्डबाईंचे होते. त्यांच्या खणांत बाइंडिंगच्या पावत्यासुद्धा तारखेने लावलेल्या आहेत, आणि तारखेला उंची नसल्यामुळे त्या वाचल्या.

काल, म्हणजे दि. १० रोजी, माझ्या दुकानात नोटीस आली. 'एका जागरूक वाचकाच्या तक्रारीवरून आपणांस कळवण्यात येते की, आपण केलेले बाइंडिंग सदोष आढळले आहे. सात दिवसांत लेखी खुलासा करावा. तोपर्यंत आपले नाव मान्यताप्राप्त बाइंडरांच्या यादीतून कमी करण्यात येत असून सदर ग्रंथ पुरावा म्हणून कुलूपबंद करण्यात आला आहे.'

जागरूक वाचक मी. बाइंडरही मीच.

८. माझा विश्वास बसला नाही. मी तणतणत आपल्याकडे आलो. आपण बैठकीत होतात. मी कार्डबाईंना म्हणालो की हे काम माझे असणे शक्य नाही, मी असले शिवत नाही, माझे हात ओळखायला मला पावती लागत नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "पहिल्या सव्वीस खंडांचीही पावती तुमचीच आहे. त्याबद्दल नाही भांडलात ते?" मग शांततारावांनी कपाटाचे कुलूप काढून, पुरावा पाहणे हा आरोपीचा हक्क आहे असे स्वतःच ठरवून, खंड माझ्यापुढे ठेवला आणि टॉर्च धरली.

पुस्तकाच्या पाठीत, कापडाच्या आतून, पुठ्ठ्याची एक पट्टी घालतात. ती कुणाला दिसत नाही, म्हणून हाताशी येईल त्या जाड कागदाची घालतात. या खंडाचे कापड वरच्या टोकाला फाटलेले आहे. त्या फटीतून टॉर्चच्या उजेडात मला पट्टीवर छापील अक्षरे दिसली. 'अगत्य येण्याचे करावे.' त्याखाली रविवार, तारीख, आणि त्याखाली निमंत्रक म्हणून माझे नाव, अर्धे कापलेले.

ती माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका आहे.

९. सबब खुलासा पुढीलप्रमाणे. होय, मी केले.

वडील आधीच गेलेले होते, त्यामुळे लग्नाचे सगळे माझ्या अंगावर होते. त्याच आठवड्यात आपल्या तेव्हाच्या साहेबांचा निरोप आला की चाळीसही खंड शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हवेत, तपासणी समिती येते आहे. (समित्या तेव्हाही यायच्या आणि तेव्हाही भिंतच बघायच्या.) सव्वीस खंड मी घडीतून शिवले. गुरुवारी दुपारी आई दुकानात येऊन म्हणाली, "पुस्तकं पळून जात नाहीत, पाहुणे दारात आलेत." मी उरलेल्या चौदा गठ्ठ्यांकडे पाहिले, दाभण उचलले आणि सरळ आरपार घातले. कडा एका झटक्यात कापल्या. पाठीतल्या पट्टीला पुठ्ठा संपला होता, बाजूला उरलेल्या पत्रिका पडल्या होत्या. मनाशी म्हणालो, हे कायद्याचे जुने निकाल कोण मरायला वाचणार आहे. बरोबर हेच शब्द होते, ते मी आपल्यापासून लपवत नाही.

शुक्रवारी खंड पोचले. रविवारी मी खळीने पांढऱ्या झालेल्या नखांसकट लग्नात उभा राहिलो. फोटोत माझे हात पाठीमागे आहेत. मी अदबीने तसा उभा आहे असे लोकांना वाटते. मग सगळे इतके छान झाले की मी ते चौदा खंड विसरलो, आणि विसरलो म्हणजे इतका साफ विसरलो की परवा स्वतःच्या कामाला कसायाचे म्हणून मोकळा झालो. तिला वेळेवर सासरी पाठवायच्या घाईत मी नेमका तोच कागद शिवणीत गाडला, ज्याच्या जोरावर ती तिथे राहू शकते. मला लाज वाटते आहे. नोटिशीत लाजेसाठी रकाना नव्हता, म्हणून इथे लिहिले.

१०. आता अडचण अशी आहे. पुस्तकाची दुरुस्ती फक्त यादीतल्या बाइंडरने करावी, असा नियम आहे. यादी मी काल मागून पाहिली. तिच्यावर एकच नाव होते, ते माझे, आणि त्यावर आता तांबडी रेघ आहे. म्हणजे खंड उसवायला यादीवर कुणी नाही, आणि यादीवर कुणाला घ्यायचे तर त्याने आधी एक काम करून दाखवावे लागते. पुस्तक पुरावा असल्यामुळे बाहेर जाऊ शकत नाही. वाचक म्हणून मला आत येता येते, पण सुई आणता येत नाही. बाइंडर म्हणून सुई आणता येते, पण आत येता येत नाही. शांतताराव म्हणतात की एकाने दारातून यावे आणि दुसऱ्याने खिडकीतून त्याला सुई द्यावी. मी विचार केला, पण दोघे मीच असल्यामुळे जिन्यावरून फार पळापळ होईल.

तक्रार मागे घ्यावी तर खंड 'निर्दोष' ठरून उद्या पुन्हा कोंबड्यांशेजारी जाईल आणि न उघडता तसाच राहील. ती मागे न घ्यावी तर सात दिवसांची मुदत सोमवारच्या पलीकडे जाते. हे सगळे मी वकीलबाईंना सांगितले. त्या बराच वेळ हसल्या. म्हणाल्या, "अर्ज करा. खरंखुरं लिहा. तुमच्या बहिणीकडे कागद नाही, निदान तुमच्याकडे तरी असू दे."

सबब विनंती अशी की, येत्या शुक्रवारी, दि. १३ रोजी, सकाळी साडेदहा वाजता, आपल्या कार्यालयाच्या मोठ्या टेबलावर, मला खंड सत्तावीस समोर द्यावा. मी माझ्या हाताने त्याचे चौदा टाके कापीन. पान फाटणार नाही, याची हमी देतो. माझ्या हमीची किंमत या क्षणी काय आहे ते मला ठाऊक आहे, तरी देतो. चारशे नऊ ते चारशे चोवीस ही घडी सुटी करून झेरॉक्सवाल्याकडे द्यावी, प्रत आपल्या सहीशिक्क्याने मिळावी, आणि मग मला तिथेच बसू द्यावे. मी सबंध खंड घडीतून, रीतसर, शिवून देईन. त्यानंतर उरलेले तेरा खंड एकेक करून. मोबदला नको. काळ्या यादीतले नाव आपण काढावे किंवा ठेवावे. एकदा चौदाही पुस्तके सपाट उघडली की मग मला यादीची पर्वा नाही. उंची मात्र मला परत आणता येणार नाही. कापलेले कापले. तेव्हा कृपया शांततारावांना सांगून या चौदा जणांना क्रमांकाने, त्यांच्या भावंडांशेजारी, बुटके दिसले तरी, उभे करू द्यावे.

बहिणीला मी यातले काही सांगितलेले नाही. टाके सुटल्यावर सांगेन. तिला अर्धी ओळ ऐकवून काय करू?

माझा अंदाज असा आहे की, खंड माझ्या हाती देताना ग्रंथपालांनी समक्ष हजर असणे नियमाने आवश्यक असावे. नसल्यास तसा नियम करावा. सव्वीस वर्षांपूर्वी त्या पत्रिकेवर आपल्या तेव्हाच्या साहेबांनाही बोलावले होते, ते बैठकीत होते. आपण मात्र या शुक्रवारी अगत्य येण्याचे करावे.

आपला, दोन्ही बाजूंनी नम्र,

(सही) तक्रारदार
(सही) ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो

दि. ११ मार्च, बुधवार

सोबत :
१) पान ४१२ व ४१३ यांची झेरॉक्स प्रत, काळ्या पट्ट्यासह.
२) अर्जदाराचे अर्जदारास दिलेले शिफारसपत्र, सोनेरी शिक्क्याचे. ('वर्तन समाधानकारक' हे शब्द मी खोडले आहेत. 'सुधारणेस वाव' कायम.)
३) दि. ९ मार्चची नोटीस.
४) लग्नपत्रिका, एक, अखंड. पाठीतल्या तुकड्याशी जुळवून पाहण्यासाठी. बहिणीच्या ट्रंकेतून आज सकाळी मागून आणली. कशाला हवी, असे तिने विचारले, तेव्हा पुस्तकाच्या कामाला, असे सांगितले. तिने लगेच काढून दिली. तिच्याकडे ही एकच उरली आहे, कृपया परत करावी.